ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचं तेल ओतणाऱ्या फिटरसाहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. फिटरसाहेब यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपण माझ्या पिकअपवर जे उपकार करून ठेवलेत त्यांचा जाहीर उल्लेख करायचा राहून गेला होता. आपलं नाव आणि गॅरेजची पाटी इथे लिहीत नाही. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर आपल्या हातचा प्रसाद मिळालेले इतके गाडीवाले आहेत की ते दोन ओळींतच ओळखतील. आणि खरं सांगायचं तर आपण एकटे नाहीच. ओतूरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही पत्र्याच्या शेडपुढे बॉनेट उघडा, ‘तेल ते तेल, त्याला काय होतंय’ म्हणणारा एखादा महात्मा हजर असतोच. त्या सर्वांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं. टपालखर्च वाचेल.

आपल्या मूळ पराक्रमाची आधी आठवण करून देतो, कारण आपल्या लेखी तो इतका किरकोळ होता की आपण विसरलाही असाल. गाडी आणली होती इंजिन ऑईल बदलायला आणि ग्रीसिंगला. ब्रेकबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात आपल्या कर्तव्यदक्ष नजरेला ब्रेक ऑईलची टाकी दिसली, पातळी खालच्या रेघेजवळ दिसली आणि आपल्यातला दाता जागा झाला. फळीवर पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा उघडा डबा होता. ब्रेक ऑईलसाठी स्पेअर पार्टच्या दुकानात, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, जावं लागलं असतं. आपण रस्ता ओलांडला नाहीत. बिलावर मात्र ‘ब्रेक ऑईल टॉपअप’ अशी ओळ आली, आपल्या स्वतःच्या सुवाच्य अक्षरात. ते बिल मी जपून ठेवलंय.

आता, रागावणार नसाल तर, त्या टाकीबद्दल दोन शब्द. ब्रेक ऑईल जळत नाही, डिझेलसारखं खर्चही होत नाही. ते बंद नळ्यांत पुढे-मागे होतं आणि तिथेच राहतं. मग पातळी खाली का जाते? एक तर पुढचे पॅड झिजतात, कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्यामागची रिकामी जागा भरायला टाकीतलं ऑईल उतरतं. नाहीतर कुठेतरी गळती असते. म्हणजे टाकीवरच्या त्या दोन रेघा हा कंपनीने फुकटात दिलेला काटा आहे. पातळी उतरली की गाडी सांगत असते, बाबा रे, चाक खोल, पॅड बघ, ड्रमच्या आत ओल आहे का बघ. आपण काय केलंत, तर काटाच हाताने वर ढकललात. योग्य ऑईल ओतलं असतं तरी हा उद्योग फुकटचाच होता, कारण पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटला की तेच जादा ऑईल टाकीतून उतू जातं. ब्रेक ऑईल पत्र्यावर सांडलं की रंग सोलून काढतं. माझ्या गाडीचा रंग मात्र वाचला! उतू गेलं ते वर तरंगणारं आपलं लाल तेल होतं, आणि ते रबर खातं, रंग खात नाही. एवढा एक फायदा आपल्या खाती जमा मांडून ठेवलाय.

रबर कसं खातं तेही सांगतो. ब्रेकचं ऑईल ग्लायकोल-ईथर जातीचं असतं. मास्टर सिलेंडरमधले कप, कॅलिपरची सील, मागच्या व्हील सिलेंडरची रबरं, होज पाईप, हा सगळा संसार त्याच ऑईलशी पटेल अशा रबराचा, बहुतेक ईपीडीएमचा, केलेला असतो. ग्लायकोलमध्ये हे रबर वर्षानुवर्षं सुखाने नांदतं. खनिज तेल लागलं की ते पितं, फुगतं आणि मऊ पडतं. स्टिअरिंगच्या पंपातली सील वेगळ्या रबराची असतात, तिथे तेच लाल तेल गुणाचं. म्हणजे तेल वाईट नव्हतं, डबाही वाईट नव्हता. आपण बंगला चुकलात. गंमत अशी की हायड्रॉलिक ब्रेक जगात नवे होते तेव्हा, शंभरेक वर्षांपूर्वी, त्यात चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण घालत. त्या काळच्या रबराला ते चालायचं. आपण त्या दिवशी एरंडेल ओतलं असतंत तरी माझं इतकं नुकसान झालं नसतं. दुसरा घटक संध्याकाळी आपल्याकडे असतोच.

तर आठवडाभरात गाडी बदलली. ब्रेकचं पॅडल पूर्वी थोडं मोकळं जायचं, ते आता वरच ताठ उभं राहू लागलं. बोट लावावं आणि गाडी थांबावी. असा ब्रेक ड्रायव्हर लोकांना फार आवडतो, ‘एकदम कडक ब्रेक आहे’ म्हणून चार लोकांत सांगतात. पण सपाटीला ॲक्सिलरेटर सोडला की जी गाडी आपल्या आपण पुढे जात राहायची ती जागीच बसू लागली. ॲव्हरेज पडलं. आळेफाट्याच्या चढाला तिसरा गिअर पुरेना. थांबून पुढच्या चाकाच्या रिमला हात लावला तर चटका, आणि सगळीकडे तो जळक्या लायनरचा वास, जो एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटावरही येतो.

इथून आपल्या निदानपर्वाला सुरुवात होते, आणि या पर्वाचं मला खरोखर कौतुक आहे. ‘शेठ, पॅड हलके लागलेत, म्हणून चिकटतात.’ पॅड बदलले. गाडी मोकळी धावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वास. ‘मग डाव्या बाजूचा कॅलिपर जाम आहे.’ कॅलिपर बदलला. पुन्हा मोकळी. पुन्हा वास. ‘उजव्याचा पण घेऊन टाका, जोडीनेच जातात.’ जोडीने गेले. शेवटी आपण बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, बूस्टर खराब असल्याचं जाहीर केलंत. बूस्टरची तपासणी म्हणजे आपल्या लेखी डोळे मिटणं असावं. ज्यांचे डोळे उघडे असतात ते लोक अशी करतात: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचं. पॅडल पायाखाली किंचित उतरलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय, बूस्टर काम करतोय. याला पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. बहुधा म्हणूनच आपल्याकडे ही पद्धत नाही.

पण प्रत्येक वेळी गाडी थोडा वेळ बरी कशी व्हायची? हा प्रश्न मला छळत होता, आणि आपल्या आत्मविश्वासाचं मूळही तिथेच आहे. मास्टर सिलेंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पॅडलवरून पाय काढला की आतला कप त्या भोकाच्या मागे सरकतो आणि चाकांकडून परत आलेला जादा दाब त्या वाटेने टाकीत मोकळा होतो. आपल्या तेलाने कप फुगला आणि त्या भोकावरच ठाण मांडून बसला. दाब परत जायची वाट बंद. पॅड डिस्कला घासत राहिले, डिस्क तापली, कॅलिपरमधलं ऑईल तापलं, तापून प्रसरण पावलं, दाब आणखी वाढला, पॅड आणखी आवळले. आता आपण कॅलिपर बदलायचा म्हणून पाईप सोडला, किंवा हवा काढायची म्हणून निप्पल उघडला, की तो अडकलेला दाब त्या क्षणी बाहेर. चाक मोकळं! पार्ट कुठलाही बदला, गाडी काही तास बरी होणारच होती. आपण माझ्या गाडीचं नवीन टायर बदललं असतंत आणि जाता जाता निप्पल उघडला असतात तरी ‘टायरमुळेच होतं’ हे सिद्ध झालं असतं.

यातला खरा धोका मला खुबी फाट्यावर कळला. हौद्यात टोमॅटोचे कॅरेट, माल पहाटेच्या आत वाशीला पोचवायचा, आणि पुढे माळशेज घाट. मढ गाव मागे पडलं, पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसू लागलं. फाट्याच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरला पाय दाबला, आणि ते ताठ, कडक, चार लोकांत सांगण्यासारखं पॅडल सरळ फळीपर्यंत गेलं. ब्रेक नावाची गोष्टच पायाखाली नव्हती. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी बाजूच्या मातीत उभी केली. पुढची दोन्ही चाकं धुरकट झाली होती. तिथल्या एका उत्साही माणसाने पाण्याची बादली आणली, त्याला हात जोडून थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते किंवा तडकते, आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत राहतं.

आपल्याला फोन केला तोवर तासभर होऊन गेला होता. आपण विचारलंत, ‘आता लागतोय का?’ मी पाहिलं, लागत होता, अगदी पहिल्यासारखा. ‘मग चला की बिनधास्त, हवा असंल थोडी.’ साहेब, ती हवा नव्हती, वाफ होती. चांगलं, नवं डॉट 4 ऑईल 230 अंशांपर्यंत उकळायचं नाही अशी अट असते. पण हे ऑईल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच अट 155 अंशांवर येते. डॉट 3 असेल तर नवं 205 आणि पाणी मुरलेलं 140. चिकटलेल्या पॅडच्या शेजारी हे आकडे काहीच नाहीत. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ मात्र खुशाल दाबली जाते, आणि सगळा पाय तिच्यातच जिरतो. गाडी गार झाली की वाफेचं परत ऑईल होतं आणि पॅडल वर येतं. म्हणजे आधी ब्रेक सुटत नव्हता आणि त्यामुळेच मग ब्रेक लागला नाही. आपण या दोन वेगवेगळ्या तक्रारी समजून दोन वेगवेगळी बिलं केली असती याची मला खात्री आहे.

एक साधा हिशेब सांगतो. मालासकट तीन टनांची गाडी सहाशे मीटर उंचीवरून खाली उतरवली तर वाटेत जी उष्णता कुठेतरी मुरवावी लागते ती साधारण पाच युनिट विजेइतकी होते. त्यातली बरीचशी इंजिनाने आणि हवेने घेतली तर ठीक. सगळी पुढच्या दोन डिस्कवर टाकली तर काय होईल ते खुबी फाट्यावर मी सपाटीलाच पाहिलं होतं. आपल्या ‘बिनधास्त’ शब्दामागे माळशेजची किती वळणं होती, ते मोजायला मी गेलो नाही. माल दुसऱ्या पिकअपमध्ये भरून दिला आणि क्रेनला टोचन लावून गाडी मागे आळेफाट्याला आणली.

आळेफाट्याला एक म्हातारे फिटर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची पद्धत आपल्याला कळवतो. धंद्यातली नवीन माहिती म्हणून उपयोगी पडेल. मामांनी पाना उचलण्याआधी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाखालचं रबर बाहेर आलं आणि परत बसेना. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसत नाही तसं ते कडांवर अडत होतं. मामा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘कुणी ओतलं?’ मग इंजेक्शनच्या सिरिंजने टाकीतलं थोडं वरचं, थोडं खालचं ऑईल ओढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातलं आणि बाटली भिंतीवर ठेवली. चहा होईपर्यंत बाटलीत दोन मजले झाले होते, खाली तपकिरी, वर लाल. तिसरी खात्री म्हणून वरच्या लाल भागाचे काही थेंब एका वाटीत पाण्यावर सोडले. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. हे थेंब तरंगत राहिले. आपण महिनाभर लाखमोलाचे पार्ट बदललेत. मामांचं निदान बाटली, वाटी आणि चहा यांत उरकलं.

तरी मामा तिथे थांबले नाहीत. निदान झालं असं वाटलं तरी ते दुसऱ्या वाटेने तपासतात, ही त्यांची जुनी खोड म्हणा. गाडी घोडीवर चढवली, पॅडल दहा-वीस वेळा मारलं, पुढची चाकं जाम झाली. आधी मास्टर सिलेंडर बूस्टरवरून दोन आटे सैल केला. चाक हललं नाही. म्हणजे बूस्टरच्या दांडीचं सेटिंग जास्त होऊन सिलेंडर दाबला जातोय असं नव्हतं. मग मास्टरवरचा पाईपचा नट जरासा ढिला केला. चुर्र आवाज झाला, ऑईलची बारीक धार आली आणि चाक एका बोटाने फिरलं. दाब मास्टरमध्येच अडकत होता. नट सोडूनही चाक फिरलं नसतं आणि चाकाजवळचा निप्पल उघडल्यावरच फिरलं असतं, तर दोष मधल्या होजचा. होज बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून फुगून दाबाला जाऊ देते पण परत येऊ देत नाही. पायरीपायरीने मागे सरकत जायचं, बस. आपण काढलेले दोन्ही जुने कॅलिपर मामांनी हातात घेऊन पाहिले, पिस्टन अंगठ्याने मागे गेले. उत्तम होते. आपण ते भंगारात घातले नव्हते हे आपलं औदार्य.

दुरुस्ती काय झाली ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. लाल तेल जिथे जिथे पोचलं असेल तिथलं प्रत्येक रबर बाद. मास्टर सिलेंडर नवा. आपण बसवलेल्या नव्याकोऱ्या कॅलिपरची सील पुन्हा नवी, कारण त्यांनीही आपलंच तेल प्यायलं होतं. मागचे दोन्ही व्हील सिलेंडर, सगळ्या होज, टाकीखालची रबरी बुचं आणि झाकण. लोखंडी पाईप तेवढे राहिले. ते स्पिरिटने धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडे केले. मग सील फोडलेल्या नव्या डब्यातलं डॉट 4. मागच्या डाव्या चाकापासून, म्हणजे मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, हवा काढायला सुरुवात. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं, आत पोरगा पॅडलवर आणि बाहेर मामा: ‘दाब... धर... धर रे... सोड.’ निप्पल बंद झाल्याशिवाय पाय सोडायचा नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा परत आत. मधूनमधून टाकी भरत राहायची. नळीतून बुडबुडा येईनासा झाला की पुढचं चाक. हे आपण करताना मी पाहिलंय. आपला पोरगा मोबाईलवर होता आणि पाय बेताल होता.

हे सगळं चालू असताना मामा गाडीखाली गेले आणि तिथून आवाज आला, ‘अरे, ही वायर कुणाची?’

वायर आपलीच होती. मागच्या ॲक्सलच्या वर, चॅसिसला तो लोड व्हॉल्व्ह असतो, आठवतो? आमच्या एबीएस नसलेल्या गाडीत त्याचं काम साधं असतं. हौद्यात माल पडला की चॅसिस खाली बसते, ॲक्सलला जोडलेली दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, आणि तो मागच्या चाकांकडे दाब वाढवतो. गाडी रिकामी असली की कमी करतो, कारण रिकाम्या हौद्याखालची चाकं चटकन जाम होऊन घसरतात. गेल्या हंगामात आपण मला स्प्रिंगच्या जादा पाट्याचा सल्ला दिलात. ‘शेठ, एक पाटा टाका, कितीबी भरा, गाडी बसणार नाय.’ गाडी खरंच बसेना. चॅसिस खाली येईना म्हणून दांडी हलेना, आणि व्हॉल्व्ह बिचारा दीड टन टोमॅटो डोक्यावर असताना गाडी रिकामी आहे अशा समजुतीत राहिला. मागचा ब्रेक नावापुरता, सगळा भार पुढे. त्यावर आपण जी तोड काढलीत ती मात्र आपल्या प्रतिभेचा कळस: बाइंडिंग वायरने दांडी वर बांधून टाकली. आता व्हॉल्व्हला कायमचं वाटू लागलं की गाडी भरलेली आहे. टोकावड्याजवळ पहिल्या पावसाच्या ओल्या डांबरावर रिकामी गाडी परत येताना मागून का फिरली, याचा उलगडा मला गाडीखालून आलेल्या त्या आवाजाने झाला. मामांनी जादा पाटा काढला, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि दांडी मापाने लावली. माल थोडा कमी भरतो आता. आपल्याला हे दुबळेपणाचं वाटेल.

आपल्या आणखी एका सल्ल्याची परतफेड राहिली: ‘घाटात न्यूट्रल मारायची, डिझेल वाचतंय.’ आपलं हे तत्त्वज्ञान या रस्त्यावर गावोगाव पसरलंय म्हणून जरा सविस्तर. कॉमन रेलच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उताराला ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे आपल्या युक्तीने डिझेल जास्त जातं आणि इंजिनाची पकडही जाते. आणि कुणी त्याहून हुशार निघून चावीच बंद केली, तर डिझेल गाडीत बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप इंजिनावर फिरतो. बहुतेक पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरता, त्यानंतर पॅडल दगड. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड मालवाहू गाडीने कित्येक वाहनं चिरडली, तेव्हा आधी सगळीकडे ‘ब्रेक फेल’ हेच चाललं होतं. नंतर पोलिसांनी सांगितलं की चालकाने उताराला इंजिन बंद केलं होतं. पेपरात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असं वाचलं की मला हल्ली पहिला प्रश्न पडतो, निकामी झाले की कुणी केले?

असो. आपल्याकडून नुकसानभरपाई मागावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी मागत नाही, कारण आपण ती द्यायला निघाल तर वाटेत ती कशात तरी ओताल. त्याऐवजी मीच आपल्याला आहेर पाठवतोय. सोबतच्या पिशवीत अर्धा लिटर डॉट 4 आहे, सील शाबूत. झाकण एकदा उघडलं की उरलेलं फळीवर ठेवून पुढच्या पावसाळ्यात वापरायचं नसतं, हे डब्यावर छापलेलं आहे. अक्षर बारीक आहे, पण आपल्या पोराला मोबाईल वाचायची सवय आहे, तो वाचून दाखवेल. पिशवीत माझ्या मास्टर सिलेंडरचा जुना कपही ठेवलाय, शेजारी तुलनेला नवा. दोन्ही एकाच मापाचे म्हणून विकत मिळतात. आपल्या काउंटरच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी, जागा असेल.

बाकी सर्व क्षेम. आपले क्षेमकुशल आपल्याकडे गाडी लावणाऱ्यांच्या जिवावर अवलंबून नसल्याने ते उत्तमच असणार.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपलं एके काळचं गिऱ्हाईक,
ओतूरचा एक पिकअपवाला

ता. क. — आपला दहाचा पाना माझ्या गाडीच्या बॅटरीमागे सापडला. तोंड पार फाकलंय. पुढच्या उजव्या निप्पलचे सहाही कोपरे गोल कशाने झाले हे कोडं त्यामुळे सुटलं. मामांना तो निप्पल पकड लावून, डिझेल सोडून, सकाळभर खपून काढावा लागला. निप्पलला रिंग पाना लावतात. पाना परत हवा असल्यास आळेफाट्याला मामांकडे ठेवलाय, स्वतः जाऊन घ्यावा. मामा भेटायला उत्सुक आहेत.